सात वेढ्यांची गाठ

लाइनमनकाकांच्या घरात सुटी वस्तू सापडणं कठीण. कुकरची मूठ तारेने बांधलेली, चष्म्याची काडी तारेने बांधलेली, मोरीतल्या नळाची चकती तारेने बांधलेली. आणि टीव्हीचा रिमोट भिंतीतल्या खिळ्याला असा जखडलेला, की तो दाबायचा तर माणसाने उठून भिंतीपाशी जावं. "मग टीव्हीचंच बटण दाबते की, रिमोट कशाला?" असं काकू पंधरा वर्षं म्हणत आल्या होत्या. काकांचं उत्तर ठरलेलं. "पण हरवला का कधी?"

चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढण्या-उतरण्यात गेली की जमिनीवरच्या वस्तूही सुटून पडतील अशी धास्ती माणसाला वाटत असावी. दोन तारा जोडायच्या तर बाकीचे लाइनमन पाच वेढ्यांत काम उरकायचे. काकांचे सात. सात या बाजूने, सात त्या बाजूने, वेढ्याला वेढा चिकटलेला, आणि टोक असं आत दाबलेलं की वरून गाल घासला तरी ओरखडा उठू नये. साहेब म्हणायचे, "याच्या कामावर सही नको. गाठ बघितली की कळतं." एका वादळात खांब आडवा झाला पण गाठ शाबूत राहिली, ही गोष्ट काका अजून सांगतात. खांबच पडल्यावर गाठ काय चाटायची, असं त्यांना कोणी विचारत नाही. वयाचा मान असतो.

पुढे टेलिफोन लोकांच्या खिशात गेला आणि खांब पोरके झाले. निवृत्तीच्या दिवशी खात्याने काकांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी वर भंगारात निघालेलं तारेचं एक भेंडोळं मागून घेतलं. घड्याळ तिसऱ्या वर्षी बंद पडलं. तार मात्र चांगली होती. गंजत नव्हती, ताणत नव्हती, आणि संपत तर मुळीच नव्हती.

तिला खरं काम मिळालं ते बागेत.

बाग म्हणजे पाण्याच्या टाकीमागची एक तिरकी जागा. चारही इमारतींनी तिच्यावर मागच्या खिडक्यांतून वर्षानुवर्षं कचरा फेकला होता. ती साफ केली रविवारच्या मंडळींनी. मंडळी म्हणजे पंधरा-सोळा माणसं, गुडघे दुखणारी, पेन्शनवर जगणारी, घरी सुनेच्या पायात पायात येणारी. त्यांच्या म्होरक्या बाई. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण हजेरी घ्यायची त्यांची खोड निवृत्त झाली नव्हती. रविवारी सकाळी सातला सत्तरीतली माणसं फाटकापाशी ओळीने "हजर" म्हणत, आणि उशिरा येणाऱ्याला बाई खत चाळायला बसवत.

यात सगळ्यांत तरुण म्हणजे लाँड्रीवाला, पन्नाशीचा. त्याचं दुकान रस्त्यापलीकडे, बागेच्या फाटकासमोरच. बाजूच्या अंगणात चादरी वाळत, पुढच्या फळीवर इस्त्री चाले. अवजारांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे, कारण दुकान रोज उघडं. मंडळींचे मातीने माखलेले हातमोजे तो दर रविवारी घेऊन जाई आणि पुढच्या रविवारी धुऊन, इस्त्री करून, जोड्या लावून परत आणे. कडक इस्त्रीचे हातमोजे घालून तण उपटणारी दुसरी मंडळी कुठे असतील असं वाटत नाही.

काकांचं आणि त्याचं विशेष जमायचं. दुकानाच्या फळीशी एक उंच स्टूल होतं. सगळा बाजार ओळखून होता की ते काकांचं. दुपारी चारला काका त्यावर चढून बसत. खांबाची सवय, त्यामुळे उंचावर बसलं की त्यांना मोकळं बोलता येई. लाँड्रीवाला इस्त्री फिरवत फिरवत ऐके आणि मधेच एखादा चिमटा काढी. "काका, तुम्ही एवढे टेलिफोन जोडले, तुम्हाला फोन कोणाचा येतो?" काका म्हणत, "तुझ्या गिऱ्हाइकांचा. बटणं कुठे गेली म्हणून विचारतात."

झाडांना नावाच्या पाट्या लावायची कल्पना बाईंची. त्याला आता आठ वर्षं झाली. बत्तीस झाडं, बत्तीस पत्र्याच्या पाट्या, बाईंचं फळ्यावरचं वळणदार अक्षर. एका गृहस्थांनी त्या ठोकायला खिळे आणि हातोडी आणली, तेव्हा काकांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "झाडाला खिळा मारता? तुमच्या छातीवर ठोकू का नावाची पाटी?" मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग काकांनी भेंडोळं आणलं आणि दोन रविवारांत बत्तीसच्या बत्तीस पाट्या बांधल्या. बुंध्याभोवती तार, मागच्या बाजूला गाठ, सात वेढे आणि सात वेढे. वाऱ्याने पाटी फिरू नये, खाली घसरू नये, म्हणून चांगली कचकचीत. शहरातल्या दुसऱ्या बागांतली माणसं बघायला आली, तेव्हा बाई सांगत, "आमच्याकडे एकही खिळा नाही." काका बाजूला उभे राहून आकाशाकडे बघत. विनय दाखवायची त्यांची तीच पद्धत होती.

फाटकाजवळचं झाड होतं नीलमोहराचं. पाटी बांधली तेव्हा मनगटाएवढं होतं; पाहता पाहता मांडीएवढं झालं. फुलायला लागलं की अर्धा रस्ता जांभळा करी. पाटी हळूहळू सालीत रुतत गेली. आधी कडा गेल्या, मग "नील" गेलं, बाहेर नुसतं "मोहर" राहिलं. बाई पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवत. "बघा, झाडाने पाटी कशी पोटाशी धरलीय." लोक त्याचे फोटो काढत.

मग एका वर्षी ते फुललंच नाही. पानं पिवळी पडली, शेंड्याकडून फांद्या वाळत खाली आल्या, आणि पुढच्या वर्षी झाड उभ्या उभ्या लाकूड झालं.

झाड मेलं म्हणजे कोणीतरी मारलं असणार, हे मंडळींच्या मनाने आधी घेतलं. कोणी मारलं, हे काकांनी सांगितलं.

त्या रविवारी काका पंधरा माणसांसमोर उभे राहिले होते. लाँड्रीवाला हातमोज्यांची पिशवी घेऊन समोरच होता. काका म्हणाले, "कुंपणाबाहेरून या झाडाच्या बुंध्याशी रोज साबणाचं पाणी पडतं. कोण टाकतं ते सगळ्यांनी बघितलंय."

"शेवटच्या खळबळीचं पाणी ते," लाँड्रीवाला म्हणाला. "त्यात साबण कुठला? झाडाला ओल मिळावी म्हणून टाकतो मी. दहा वर्षं टाकतोय."

"आणि हाच माणूस मला म्हणाला होता," काका बाईंकडे बघत म्हणाले, "की या झाडाची फुलं माझ्या चादरींवर डाग पाडतात, आता एक तर मी राहीन नाहीतर हे झाड."

हे तो म्हणाला होता, खोटं नव्हतं. पण म्हणाला होता तो चारच्या चहाला, हसत, काका स्टुलावर आणि तो फळीमागे असताना, आणि त्यावर काकाच म्हणाले होते, "तू जा, झाड निदान उधारी तरी मागत नाही." दोघंही हसले होते. ते हसणं काकांनी मंडळींना सांगितलं नाही.

लाँड्रीवाल्याने खिशातून अवजारांच्या खोलीची किल्ली काढली, हातमोज्यांच्या पिशवीवर ठेवली आणि रस्ता ओलांडून गेला.

मंडळींनी कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. काकांनी कुंपणाला एक नवी पाटी बांधली, "झाडाच्या बुंध्याशी साबणाचं पाणी टाकू नये." बांधली कशाने ते सांगायला नको. तोंड तिचं बरोबर लाँड्रीकडे. घरी त्यांनी काकूंना बजावलं, "आपला एक रुमालसुद्धा तिकडे जाता कामा नये." काकू म्हणाल्या, "बरं."

चार महिन्यांनी, गुरुवारी, नगरपालिकेचा करवतवाला मशीन घेऊन वाळलेलं झाड पाडायला आला. गुरुवार असल्यामुळे मंडळींपैकी कोणी नव्हतं. एकटे काका देखरेखीला उभे होते. दोर कुठे बांधावा हे त्यांनी करवतवाल्याला तीन वेळा सांगितलं. त्याने तिन्ही वेळा "हो बाबा" म्हणून आपल्याच पद्धतीने बांधला.

फांद्या उतरल्या. मग त्याने छातीच्या उंचीवर बुंध्याला मशीन लावलं आणि पहिल्याच दमात आतून ठिणग्या उडाल्या. मशीन कण्हून बंद पडलं.

"आत लोखंड आहे," करवतवाला म्हणाला. साखळीचे मोडलेले दात बघून त्याने एक शिवी दिली, मग काकांचे पांढरे केस बघून ती अर्ध्यावर गिळली. त्याने खाली वीतभर अंतरावर दुसरा छेद घेतला, ओंडका आडवा पाडला आणि कुऱ्हाडीने उभा फोडला.

लाकडाच्या आत सालीने गिळलेला पाटीचा पत्रा होता आणि तारेचं कडं होतं. कड्याच्या वर बुंधा फुगलेला, खाली बारीक, उशीच्या कमरेला दोरी आवळावी तसा.

"हा बघा फास," करवतवाला म्हणाला. "झाड वाढत गेलं, तार काही वाढली नाही. वरून पानांनी केलेला स्वयंपाक खाली मुळापर्यंत उतरलाच नाही. उपाशी मेलं बिचारं."

"साबणाच्या पाण्याने..." काकांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच दुरून आल्यासारखा वाटला.

"कसलं साबणाचं? मुळं बघा की, कुठे सडलेली नाहीत." त्याने कुऱ्हाडीच्या टोकाने कडं उचकटून बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. "बांधणारा मात्र पक्का होता. गाठ बघा, मशिनीत केल्यासारखी. कोणी बांधलं होतं हे?"

सात वेढे या बाजूने. सात त्या बाजूने. टोक आत दाबलेलं.

"असेल कोणीतरी," काका म्हणाले.

चौतीस वर्षं खांबाभोवती तारा आवळल्या, त्यांतला एकही खांब जाड झाला नव्हता. झाड जाड होतं, हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गाठ बांधताना त्यांचे हात झाडापाशी नव्हतेच, खांबापाशी होते.

करवतवाला बाटलीतलं पाणी प्यायला वळला तेव्हा काकांनी ते कडं उचलून पिशवीत टाकलं. चोरून. आपलीच वस्तू, आणि चोरून.

घरी येताना त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. ती आठवायला नको होती. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी लाँड्रीवाला या झाडापाशी वाकून उभा होता आणि म्हणाला होता, "काका, तार रुतायला लागलीय हो. पोट सुटलं की माणूस लेंग्याची नाडी सैल करतो. याची कोण करणार?"

आणि काका सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "तू कॉलरी सांभाळ. तार कशी बांधायची हे आता मला इस्त्रीवाल्याकडून शिकायचं का?" मंडळी खो खो हसली होती. लाँड्रीवालाही हसला होता, सगळ्यांत शेवटी.

काकूंनी दार उघडलं. काकांनी पिशवीतलं कडं काढून टेबलावर ठेवलं. काकूंनी एकदा गाठीकडे पाहिलं, एकदा रिमोटकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनीही गाठी ओळखायला शिकून घेतलं होतं.

"झाडात निघालं?"

"हं."

"म्हणजे तो नव्हता."

काकांनी अंगातला सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग तो पुन्हा उचलून बघितला. कॉलर ताठ, बाह्यांची घडी सुरीसारखी.

"ही इस्त्री कोणाची?" त्यांनी विचारलं.

"कोणाची असणार? मी कधी केलीय इस्त्री? माझा हात भाजतो."

"मी नको म्हटलं होतं तिकडे टाकायला."

"तुम्ही म्हणालात, मी बरं म्हणाले. झालं की." काकूंनी सदरा त्यांच्या हातातून घेऊन हँगरला लावला. "त्या रविवारी भाषणाला गेलात ना, तोही त्यानेच केलेला होता. शनिवारी स्वतः आणून दिला. काकांना उद्या मीटिंग आहे, म्हणाला, बरा दिसायला हवा."

काका बनियनवर बसून राहिले. पंखा फिरत होता, पण कान तापलेले होते. सत्तरी उलटलेल्या माणसाचे कान शाळेतल्या पोरासारखे तापतात, हेही त्यांना त्या दिवशीच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पक्कड घेऊन बागेत गेले. उरलेल्या एकतीस झाडांच्या गळ्यात अजून तार होती. जिथे सुटी होती तिथे कापली. जिथे साल वर आली होती तिथे पक्कड आत जाईना. जोर केला की साल फाटे आणि चीक येई. एकेका झाडापाशी काका अर्धा अर्धा तास गुडघ्यावर बसले होते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा झाडांची माफी मागतोय. झाडांची मागणं सोपं होतं.

बाई फिरायला आल्या. "हे काय, पाट्या काढताय?"

"रंग उडालाय," काका म्हणाले. "घरी नेऊन नवीन रंग देतो."

"बघा," बाई सोबतच्या मैत्रिणीला म्हणाल्या, "या वयात, न सांगता. याला म्हणतात आस्था." मग काकांकडे वळून, "बरं झालं भेटलात. ते लाँड्रीचं पत्र तयार आहे. सांडपाणी बंद करा आणि दुकानाचा परवाना तपासा, असं स्पष्ट लिहिलंय. रविवारी सह्या. पहिली तुमची. आणि त्या जागी नवीन रोप तुमच्याच हस्ते लावायचं ठरलंय."

"माझ्या कशाला?"

"मग कोणाच्या? झाडासाठी तुम्हीच तर उभे राहिलात."

काकांनी मान खाली घालून पक्कड लावली. ती निसटली आणि त्यांच्या अंगठ्याला लागली. रक्त आलं. बाईंनी स्वतःचा रुमाल काढून बांधला आणि पुन्हा एकदा "आस्था" म्हणाल्या.

शनिवारी दुपारी चारला काका लाँड्रीत गेले. सांगून टाकायचं, एवढं ठरवून निघाले होते. हातात मात्र एक पँट होती, कारण रिकाम्या हाताने त्या पायऱ्या चढवेनात. स्टूल जागेवर होतं. त्यावर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा होता.

लाँड्रीवाल्याने पँट घेतली, खिसे उलटे करून तपासले, पावतीपुस्तक उघडलं.

"नाव?"

"नाव काय विचारतोस?"

"पावतीवर लिहावं लागतं."

लाँड्रीवाल्याने स्वतःच "लाइनमन" असं लिहिलं, कागद फाडला आणि फळीवर सरकवला. "सोमवारी मिळेल."

"मी काय म्हणत होतो..." काका म्हणाले. तेवढ्यात मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. काकांनी ते निमित्त बुडत्याने ओंडका धरावा तसं धरलं. "...सोमवारी चालेल."

रविवारी हजेरी झाली. "हजर" म्हणताना काकांचा आवाज फुटला नाही. बाईंनी तोंडाची हालचाल बघून खूण केली. बाकावर पत्र ठेवलेलं, त्यावर पेन. बुंध्याच्या जागी खड्डा खणलेला, बाजूला वीतभर रोप.

"या," बाई म्हणाल्या, "आधी सही, मग रोप."

काकांनी पिशवीतून कडं काढलं आणि पत्रावर ठेवलं. पत्र वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलंय, असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं.

"हे त्या झाडाच्या आत निघालं," काका म्हणाले. "गाठ माझी आहे. झाड गळफासाने मेलं. साबणाने नाही. करवतवाल्याने सांगितलं. मी... गुरुवारीच कळलं होतं मला. आणि पाट्या रंगवायला नेल्या नाहीत. तारा कापायला काढल्या. तेही मी खोटं बोललो."

इतकं सांगून काकांनी मान खाली घातली आणि बोलणी खायची तयारी केली. ती बसलीच नाहीत. खिळेवाले गृहस्थ म्हणाले, "अहो काका, मुद्दाम थोडंच केलंत?" कोणी म्हणालं, "चुका कोणाच्या होत नाहीत?" कोणी पाठीवर हात ठेवला. बाई म्हणाल्या, "आणि ते पाटी पोटाशी धरलीय म्हणून मीच मिरवत होते. दोष एकट्या तुमचा नाही." सगळे इतक्या मायेने बोलत होते की दोन मिनिटांत प्रकरण मिटल्यासारखं झालं. कोणीतरी रोप उचललं.

काकांना त्या मायेने जास्तच लाज वाटली. मुद्दाम केलेलं नसताना लाँड्रीवाल्याच्या पाठीवर हात ठेवायला यांतलं कोणी पुढे झालं नव्हतं. आणि तेव्हा सगळ्यांच्या पुढे ते स्वतः होते.

"रोप राहू दे," काका म्हणाले. "त्याचं काय?"

कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. माणसं आपापल्या हातमोज्यांकडे बघायला लागली. ते चार महिन्यांत कोणी धुतलेले नव्हते, मातीने वाळून कडक झालेले होते.

बाईंनी कड्याखालचं पत्र ओढून काढलं आणि त्याचे चार तुकडे केले. "आम्ही येऊच," त्या म्हणाल्या, "पण आधी तुम्ही जा. बोट तुम्ही दाखवलं होतं."

काका कडं घेऊन रस्ता ओलांडून गेले. वाटेत त्यांचीच पाटी लागली, "साबणाचं पाणी टाकू नये." रस्त्याच्या या बाजूने त्यांनी ती पहिल्यांदाच वाचली. अक्षर फार मोठं काढलं होतं.

लाँड्रीवाला एका सदऱ्याची बाही ताणून इस्त्री फिरवत होता. काकांनी कडं फळीवर ठेवलं.

"झाड माझ्या तारेने गेलं," ते म्हणाले. "तुम्ही... तुम्ही मला सांगितलं होतं. मी तुमचं ऐकलं नाही, वर तुमचंच नाव घेतलं. चुकलो मी."

"आता एकदम 'तुम्ही' कशाला?" लाँड्रीवाला म्हणाला. "घाबरायला होतं."

"तू," काका म्हणाले.

इस्त्री बाहीच्या टोकापर्यंत गेली, परत आली. "तार दिसत होती मला. मेलं तेव्हाही वाटलं होतं, यानेच मेलं असणार."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? इस्त्रीवाला झाडांचा डॉक्टर कधी झाला, असंच म्हणाला असता ना तुम्ही? पुन्हा हसायला लावलं असतं सगळ्यांना." त्याने सदरा उलटा केला. "साबणाचं म्हणालात, त्याचं नाही वाटलं एवढं. ते झाड की मी, ते तुम्हाला चहा पिताना म्हटलं होतं. ते तिथे नेऊन सांगितलंत."

काकांनी एखादं खोटं उत्तर शोधूनही पाहिलं. एकही सापडलं नाही.

"मी आत्ता सगळ्यांना सांगून आलो," ते म्हणाले. "बाईंना, सगळ्या मंडळींना."

"बरं केलंत. पण तिथे पंधरा माणसं. चार महिन्यांत या दुकानात येऊन मला झाडमाऱ्या म्हणून गेलेली दोनशे असतील. ती काय बागेत येतात?"

काकांनी स्टुलावरचा चादरींचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, मागच्या कपाटात ठेवला आणि स्टुलावर चढून बसले. कडं मांडीवर घेतलं. लाँड्रीवाल्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, पण बस म्हणाला नाही की ऊठ म्हणाला नाही. चहाही मागवला नाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं, समोरच्या इमारतीतला शिंपी. काका म्हणाले, "ते फाटकापाशी झाड होतं ना, ते याने नाही मारलं. माझ्या तारेने मेलं." शिंप्याने "अस्सं?" म्हटलं, कड्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि गेला. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्यालाही सांगितलं. तिसऱ्याला झाड होतं हेच आठवेना. त्याला आधी झाड सांगावं लागलं, मग मरण, मग मारणारा. दर वेळी वाक्य तेवढंच होतं आणि दर वेळी ते 'माझ्या' या शब्दापाशी अडत होतं. सवय होईल असं काकांना वाटलं होतं. झाली नाही.

रस्त्यापलीकडून मंडळी बघत होती. बाई हातमोज्यांची पिशवी घेऊन फाटकाबाहेर आल्या होत्या, पण रस्ता ओलांडावा की थांबावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

एक म्हातारी काठी टेकत दोन पातळं घेऊन पायरी चढली. काकांनी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "आजी, ते फाटकाजवळचं झाड माझ्यामुळे मेलं."

म्हातारी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"मोठ्याने सांगा," लाँड्रीवाला इस्त्रीवरून मान न उचलता म्हणाला. "त्यांना कमी ऐकू येतं."